जातीचा दाखला, ब्लॉकचेन आणि गोपनीयता

विदर्भातील मारेगाव तालुक्यातल्या गोंड किंवा कोलाम कुटुंबातील मुलाला अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा असेल, तर आजोबा-पणजोबांची १९५० पूर्वीची नोंद, मग ती कोतवाल पंजीतील असो वा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील, अर्जाला जोडावी लागते, आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा तो दाखला पुढे शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत सर्वत्र दाखवावा लागतो. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे, अशी सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. मारेगावसारख्या तालुक्यात ही पद्धत आणायची झाल्यास ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या या साखळीवर, नेमके काय जाते, हे आधी पाहिले पाहिजे.

साखळीवर दाखला ठेवण्याची गरज नसते. त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, तेवढा ठेवता येतो. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही लांबीच्या मजकुराचा ६४ चिन्हांचा ठसा देते आणि एक अक्षर बदलले तरी संपूर्ण ठसा बदलतो. देवनागरीत ही काटेकोरता अडचणीचीही ठरते, कारण ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो, डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण ठसे मात्र वेगळे निघतात. म्हणून अक्षरांचे प्रमाणीकरण आधी केले नाही, तर खरा दाखलाही पडताळणीत खोटा ठरू शकतो.

ठशावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही, हे खरे असले तरी तो अंदाजाने शोधता येतो, आणि गोपनीयतेचा खरा धोका इथेच आहे. मतदार यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वय दिलेले असते. वय ठाऊक असले की जन्मतारखेच्या शक्यता काही शेकड्यांवर येतात, तालुक्यातील जाती-जमाती मोजक्याच असतात, आणि साधा संगणकही सेकंदाला लाखो ठसे काढून ताडून पाहू शकतो. केवळ एवढ्या तपशिलांचा ठसा सार्वजनिक साखळीवर ठेवणे म्हणजे एखाद्याची जमात उघड्यावर ठेवण्यासारखेच आहे. यासाठी प्रत्येक दाखल्याला लांबलचक, स्वैर निवडलेली गुप्त संख्या, जिला ‘सॉल्ट’ म्हणतात, जोडूनच ठसा काढावा लागतो. साखळीवरील नोंद पुसता येत नसल्याने ही खबरदारी नंतर घेऊन भागत नाही. उलट सॉल्ट वापरलेला असेल, तर तो आणि मूळ मजकूर नष्ट केल्यावर उरलेल्या ठशातून काहीच कळत नाही.

सुरक्षिततेची दुसरी बाजू म्हणजे नोंद करण्याची गुप्त किल्ली. ती ज्याच्या हाती, त्याची नोंद साखळी खरी मानते. म्हणून अधिकाऱ्याची बदली होताच जुनी किल्ली रद्द करणे आणि ती साठवलेले डोंगल दुसऱ्याच्या हाती न देणे, ही कार्यालयीन शिस्त गणिताइतकीच महत्त्वाची आहे.

साखळी मात्र दाखला बदललेला नाही एवढेच सांगते, दावा खरा असल्याचे सांगत नाही. जगदीश बहिरा प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जातीचा दावा अवैध ठरल्यावर त्याच्या आधारे मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. परंतु अशा अवैध दाव्याचा दाखला रीतसर कार्यालयातून दिला गेलेला असेल, तर त्याचा ठसा साखळीवर बिनचूक जुळेल. त्यामुळे जात पडताळणी समितीने दाखला रद्द केल्यावर तो रद्द झाल्याची नोंदही साखळीवर करण्याची आणि पडताळणी करणाऱ्याला ती दाखवण्याची सोय नसेल, तर ज्या खऱ्या कोलाम वा गोंड मुलाची जागा हिरावली गेली, त्याला या तंत्रज्ञानाचा उपयोग होणार नाही.