अठ्ठ्याहत्तर कुठून आले?

माझ्या चावीच्या ग्रामोफोनवर तबकडीचा वेग कमी-जास्त करायला एक छोटा स्क्रू आहे. कित्येक वर्षे मी तो ७८ वर ठेवूनच जुनी गाणी ऐकली. एकदा सहज पेटी जवळ घेतली, तर एका गायिकेचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लागत होता. म्हटले, हा ७८ आकडा ठरवला तरी कोणी?

सुरुवातीला कोणीच नाही. एमिल बर्लिनरची पहिली यंत्रे हाताने फिरवायची. वेग मिनिटाला ७० फेऱ्यांच्या आसपास. १८९६ मध्ये एल्ड्रिज जॉन्सनने स्प्रिंगची मोटर दिली. वेग स्थिर झाला, पण किती ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवले. कोलंबिया ८० सांगे. फ्रान्सची पाथे ९० च्या आसपास, आणि तिची सुई आतून बाहेर सरके! वेग वाढवला तर आवाज स्पष्ट, पण गाणे आखूड. कमी केला तर उलट. ७८ हा या ओढाताणीतला मधला आकडा.

तो पक्का झाला १९२५ नंतर, विजेच्या मोटरीमुळे. ३६०० फेऱ्यांच्या मोटरीला ४६ ने भागणारे दातेचक्र लावले की ७८.२६ येतात. ५० सायकलची वीज असलेल्या देशांत ७७.९२. म्हणजे नेमके ७८ कुठेच नाहीत. घरोघरी साठलेल्या तबकड्या बऱ्या वाजाव्यात, एवढे मात्र त्यातून साधत होते.

मोटारींचेही असेच झाले. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये मधले पेडल गाडी मागे नेण्याचे होते आणि वेग वाढवायला हाताशी दांडी होती. अशा दीड कोटी गाड्या निघाल्या, तरी रूढ झाली ती क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर ही १९१६ च्या कॅडिलॅकमधली मांडणी. चालकांनी पायाला नवी सवय लावून घेतली. तबकडीवरचे गाणे मात्र ज्या वेगाने कोरले गेले, त्याच वेगाचे राहते.

नोव्हेंबर १९०२ मध्ये गाइसबर्गने कोलकात्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा ७८ चा नियम नव्हताच. त्या काळातली एखादी तबकडी ७० वर कोरलेली असेल आणि आपण ७८ वर लावली, तर काळी एकचा गळा जवळजवळ काळी दोनवर जातो. आवाज बारीक होतो, ताना धावू लागतात. आणि आपण लेख लिहितो, की जुन्या गायिका फार चढ्या पट्टीत गात!

माझ्या त्या तबकडीखाली मी कागदाची चिठ्ठी अडकवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. ७६ वर षड्ज काळी एकला बसला. पण पेटी माझी, आजच्या सुरांची. ४४० चे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९३९ चे. त्या बैठकीतली पेटी कशी लावलेली होती, कोण सांगणार? पाकिटावर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: ‘७६?’