दात हलतो तेव्हा हाड कुठे जातं?

शिरोळ भागात दातांची परीक्षा डॉक्टरच्या आधी ऊस घेतो. कांडं दाताने सोलताना पुढचा दात डुगडुगला की चारजण चार सल्ले देतात. ‘कॅल्शियम कमी पडलंय.’ ‘नरसोबाच्या वाडीची बासुंदी कमी कर.’ ‘मिश्री लाव, हिरड्या घट्ट होतील.’ ‘दात साफ करून घेऊ नकोस, ते सगळेच हलायला लागतात.’

बासुंदी बिचारी उगाच बदनाम. गोडाने कीड लागते ती दाताला. दात हलतो तो बहुतेक वेळा त्याभोवतालचं जबड्याचं हाड घटल्यामुळे. आणि हे हाड जंतूही खात नाहीत. हिरडीच्या फटीत जंतूंचा थर साचला की त्यांना हटवायला पांढऱ्या पेशी धावतात. थर तसाच राहिला तर सूज महिनोन्‌महिने राहते आणि तिथल्या टी व बी पेशी ‘रँक-लायगँड’ नावाचं प्रथिन तयार करू लागतात. या निरोपावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी घडतात. गंमत अशी, की त्या घडतात रोगजंतू गिळणाऱ्या पेशींच्याच कुळातून. त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात, त्यातला खनिजांचा भाग विरघळवतात. एरवी ऑस्टिओप्रोटेगेरिन हे दुसरं प्रथिन तो निरोप अडवून धरतं. सुजेत हा तोल जातो. मग नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या काय करणार? ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढेही इथे निरुपयोगीच, कारण ती कमी पडलेली नसून चिथावलेली असते.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, बोटांच्या सांध्यांजवळचं हाड असंच कुरतडलं जातं. त्याला ‘वयाची झीज’ म्हणून दुखणं अंगावर काढणं महागात पडतं. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेत सुरू झाली तर हाड वाचतं.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती घासून हिरडी दातापासून खाली सरकते, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

सर्वांत चिवट गैरसमज सफाईचा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जिभेला खरखरीत लागणारं कीटण दगडासारखं घट्ट असतं आणि हलणारे दात एकमेकांना जखडून ठेवतं. ते निघालं, सूज ओसरली, की आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी पडते आणि दात सफाईमुळेच हलू लागल्यासारखे वाटतात. गेलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही, पण चिथावणी काढल्याने उरलेलं टिकतं. मधुमेह असेल तर दंतवैद्याला आधीच सांगावं: साखर चढी असली की हिरड्यांची सूज बळावते आणि सुजेमुळे साखर आटोक्यात राहणं अवघड होतं.