काढायचं तर आधी घाला

खेरडीतल्या घरी टेबलावर एक जुना रेडिओ उघडून ठेवला आहे. आतल्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलंय, म्हणजे तो गेला. नवा बसवायला दोन मिनिटं पुरतील. जुना बाहेर काढायचं काम मात्र खरं कसबाचं. हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या मुलांना सोल्डर मारायला सगळे शिकवतात, काढायला फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून कितीतरी चांगले बोर्ड दुरुस्तीच्या नादातच मरतात.

नवशिका काय करतो? वीस वर्षांच्या करड्या, निस्तेज सांध्यावर सोल्डरिंग गनचं टोक टेकवून बसतो. सोल्डर वितळत नाही, तो आणखी दाबतो, बोर्ड जळका वास सोडतो. जाणता माणूस अशा वेळी उलटं वागतो. जे काढायचं आहे, तेच आधी थोडं आणखी घालतो. ताज्या सोल्डरचा एक थेंब जुन्या सांध्यावर पडला की क्षणात सगळा सांधा चकाकतो आणि पाण्यासारखा हलू लागतो.

हे का होतं ते समजायला आपल्याकडचं एक जुनं दृश्य आठवावं. दारावर कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठला की कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि पातेलं आतून रुपेरी व्हायचं. नवसागराशिवाय कथील गोळ्यागोळ्यांनी घरंगळत राहतं, भांड्याला धरत नाही. कारण तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, आणि वितळलेलं कथील पापुद्र्याला चिकटत नाही, उघड्या धातूलाच चिकटतं. नवसागर तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो हा पापुद्रा खातो.

सर्किट बोर्डावर हेच काम राळ करते. चीडच्या झाडाची राळ सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. नवसागर किंवा आम्लाची पेस्ट इथे चालत नाही, ती मागे राहून तांबं कुरतडत बसते. जुन्या सांध्यातली राळ कधीच जळून गेलेली असते आणि वर ऑक्साइडची साय धरलेली असते. शिवाय गनचं टोक कोरड्या सांध्याला जेमतेम एका बिंदूपाशी टेकतं, मधल्या फटीत हवा, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. ताजा थेंब नवी राळ आणतो, ती फटही भरतो आणि उष्णता आत शिरते.

तिसरं कारण मला सगळ्यांत सुंदर वाटतं. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, शिसं ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं, तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, दोघांच्याही आधी! युरोपात १ जुलै २००६पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आले, भारतातही पुढे ई-कचऱ्याच्या नियमांत ०.१ टक्क्याची मर्यादा आली. तेव्हापासून बहुतेक बोर्डांवर कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर असतं. त्याला वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. अशा सांध्यात थोडं शिशाचं सोल्डर मिसळलं की तोही लवकर सैल होतो. बिस्मथ मिसळलं तर आणखी खाली, शंभर अंशांच्या आसपासही वितळतो. बऱ्याच पायांचा आयसी सगळ्या पायांनी एकदम सोडवायला ही युक्ती नामी आहे. मात्र नंतर ते मिश्रण पुरतं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर नवा सांधाच कच्चा राहतो.

आता वितळलेलं बाहेर काढायचं. समईची वात तेल वर ओढते, तसंच तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी सोल्डर ओढते. तिला म्हणतातही विक, म्हणजे वातच. पट्टी सांध्यावर ठेवायची आणि गन पट्टीवर टेकवायची. पट्टी काळवंडलेली असेल तर ती काही पीत नाही, तिला राळ लावावी लागते. पुन्हा कल्हईचाच न्याय. दुसरं हत्यार स्प्रिंगचा पंप. बटण दाबलं की दट्ट्या मागे उडतो, आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब थेंबाला आत ढकलतो. वितळलेल्या कथलाचा पृष्ठताण पाण्याच्या सातपटीच्या आसपास असतो, त्यामुळे भोकातला थेंब सहजी सुटत नाही. भोकाच्या तळापर्यंत सगळं वितळलेलं असलं, तरच पंपाचा झटका लागू पडतो.

घाई नडते ती इथेच. बोर्डावरचा तांब्याचा पत्रा बहुधा ३५ मायक्रॉन जाड असतो आणि खालच्या काचतंतू-इपॉक्सीला चिकटलेला असतो. साधारण १३० ते १४० अंशांपुढे ते इपॉक्सी मऊ पडू लागतं, आणि गनचं टोक तर ३५० अंशांवर असतं. टोक नुसतं टेकवायचं असतं, उचकायचं नसतं. जोर लावला की सांध्याखालचं तांब्याचं पॅड सोलून निघतं. दोन-तीन सेकंदांत सांधा हलला नाही तर गन उचलावी, बोर्ड निवू द्यावा, पुन्हा सोल्डर घालून बघावं. पाय मोठ्या अर्थिंगच्या पट्ट्याला जोडलेला असेल तर तांबं उष्णता पळवून नेतं, तिथे आधी आसपासचा भाग गरम हवेने उबदार करून घ्यावा. आणि आयसी मेलेलाच असेल तर हळहळू नये: त्याचे पाय कटरने कापावेत आणि एकेक पाय वेगळा काढावा. बोर्ड वाचवायचा आहे, आयसी नाही.

या कामाचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतं. पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. विक घेताना राळ लावलेली आहे ना, एवढं विचारून घ्यावं.

मुलं हे काम करणार असतील तर एक गोष्ट मी ठासून सांगतो. गनच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही, दिसतो तो धूर राळेचा. तो दम्याला वाईट, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही.

रेडिओच्या त्या कपॅसिटरचे दोन पाय आता मोकळे झाले आहेत. बोर्ड दिव्यासमोर धरला, दोन्ही भोकांतून उजेड आरपार येतो आहे. नव्या कपॅसिटरचा लांब पाय प्लसचा, पांढऱ्या पट्ट्याकडचा मायनसचा. तेवढं पाहून मी तो आत सरकवतो.