घरचे कुलूप आणि परगावची चावी

घरच्या संगणकावर एखादे लांबलचक गणित सोडवायला लावून आपण परगावी गेलो, तर तेथे बसून त्याची प्रगती पाहता येईल का? एखादी फाइल घरीच राहिली, तर ती मागवता येईल का? संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली असेल, तर या कामाची साधने विनामूल्य मिळतात आणि ती बसवायला अर्धा तास पुरतो. पण बाहेरून आपल्याला आत येता यावे म्हणून उघडलेले दार इतरांनाही दिसते. ते फक्त आपल्यासाठीच कसे उघडावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शाळेतल्या भागाकारापर्यंत जाऊन पोचते, म्हणून ते मुळापासून पाहू या.

पत्ता कोणता?

महाजालावरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते. जागतिक साठ्यातील शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. म्हणून घरातल्या संगणकाला राउटर जो पत्ता देतो, तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता असतो. एखाद्या मोठ्या कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन क्रमांकासारखाच तो. ‘२५ नंबर’ असा प्रत्येक कार्यालयात असतो, पण बाहेरून तो फिरवून उपयोग नाही. आधी मुख्य क्रमांक लावावा लागतो आणि मग ऑपरेटर आपल्याला २५ ला जोडून देतो.

येथे राउटर हाच ऑपरेटर. अमुक दारावर आलेली हाक आतल्या अमुक संगणकाकडे पाठव, असे त्याला सांगून ठेवावे लागते. यालाच ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. काही कंपन्या तर ग्राहकाच्या राउटरलाही स्वतंत्र बाह्य पत्ता देत नाहीत, अनेक घरे एकाच पत्त्यामागे ठेवतात. अशा वेळी बाहेरून हाक मारणे जमत नाही. मग घरच्या संगणकानेच बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या संगणकाशी संबंध जोडून ठेवायचा आणि आपण त्याच वाटेने आत यायचे, असा उलटा मार्ग काढावा लागतो.

वाटेतले कान

दूरच्या संगणकावर काम करण्याची पूर्वीची रीत ‘टेलनेट’ ही होती. तिच्यात पासवर्डसह सर्व मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे पासवर्ड चोरले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून ‘एसएसएच’ म्हणजे ‘सिक्युअर शेल’ हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी तो सर्वांसाठी खुला केला. फाइली पाठवण्याच्या ‘एफटीपी’चे दार २१ वे, टेलनेटचे २३ वे. मधले २२ वे दार त्यांनी मागून घेतले आणि एसएसएच आजही तेच वापरते. लिनक्सवर सहसा वापरली जाणारी त्याची आवृत्ती, ‘ओपनएसएसएच’, १९९९ पासूनची.

आता मजकूर गुप्त लिपीत पाठवायचा, तर दोन्ही टोकांना एकच किल्ली हवी. पण ती किल्ली पाठवायची कशी? वाट तर चोराच्या कानाखालूनच जाते! हे कोडे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये सोडवले. (ब्रिटनच्या गुप्त खात्यात हाच शोध आधी लागला होता, पण तो १९९७ पर्यंत जाहीर झाला नव्हता.) वर्गात सहज करता येईल असा हा प्रयोग आहे.

मीना आणि राजू यांना वर्गाच्या दोन टोकांना उभे करा. फळ्यावर ५ आणि २३ हे आकडे लिहा. ते सर्वांना माहीत. मीना मनात ३ धरते. ती ५ चा तिसरा घात काढते, म्हणजे १२५. त्याला २३ ने भागून उरलेली बाकी १० ती मोठ्याने सांगते. राजू मनात ५ धरतो. ५ चा पाचवा घात ३१२५, २३ ने भागल्यावर बाकी २०. तीही तो मोठ्याने सांगतो. आता मीना राजूच्या २० चा तिसरा घात काढते. ८००० ला २३ ने भागले की बाकी १९. राजू मीनाच्या १० चा पाचवा घात काढतो. १,००,००० ला २३ ने भागले की बाकी पुन्हा १९!

१९ हा आकडा कोणीच उच्चारला नाही, तरी तो दोघांकडे आहे. कारण सोपे आहे. दोघांनीही ५ चा पंधरावा घातच काढला, फक्त एकाने आधी तीन मग पाच असा आणि दुसऱ्याने उलट क्रमाने. बाकीच्या मुलांनी ५, २३, १० आणि २० हे चारही आकडे ऐकले आहेत. त्यांनी १ ते २२ सगळे घात करून पाहिले, तर मनातला आकडा सापडेल. पण २३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी मूळ संख्या असेल, तर आजचे संगणकही हात टेकतात. प्रत्यक्षात एसएसएच याच कल्पनेची सुधारलेली रूपे वापरतो. भविष्यातील क्वांटम संगणकांचा धोका ध्यानात घेऊन ओपनएसएसएचने २०२२ पासून त्यात आणखी एका वेगळ्या गणिताची जोड दिली आहे.

समोर कोण आहे?

हाच खेळ आता थोडा बदला. मीना आणि राजू यांना एकमेकांचे दिसू-ऐकू येणार नाही असे उभे करा आणि निरोप न्यायला तिसरा मुलगा नेमा. त्याने मीनाला ‘मी राजू’ आणि राजूला ‘मी मीना’ असे भासवून दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवली, तर गणित कोठेही चुकत नाही, पण गुपित फुटते. म्हणजे संभाषण गुप्त आहे एवढे पुरेसे नाही. समोर कोण आहे याची खात्रीही हवी.

म्हणूनच पहिल्या जोडणीच्या वेळी एसएसएच समोरच्या संगणकाच्या किल्लीचा ‘ठसा’, म्हणजे अक्षरांची एक लांब माळ, दाखवतो आणि पुढे जाऊ का असे विचारतो. बहुतेक जण न वाचता ‘येस’ लिहितात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. खरे तर निघण्यापूर्वी घरच्या संगणकापुढे बसून तो ठसा कागदावर उतरवून घ्यावा आणि परगावी गेल्यावर ताडून पाहावा.

उलट बाजूने, आपण कोण हे घरच्या संगणकालाही कळायला हवे. पासवर्ड हा त्याचा कच्चा मार्ग. २२ वे दार बाहेर उघडले, की थोड्याच वेळात संगणकाच्या नोंदवहीत अनोळखी पत्त्यांवरून ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी पासवर्ड ताडून पाहिल्याच्या नोंदी दिसू लागतात. हे काम माणसे नव्हे, प्रोग्रॅम करतात आणि ते थकत नाहीत. दाराचा क्रमांक बदलल्याने त्यांची वर्दळ कमी होते, कुलूप काही मजबूत होत नाही.

पक्का मार्ग किल्ल्यांच्या जोडीचा. ‘एसएसएच-कीजेन’ हा प्रोग्रॅम अशी जोडी तयार करतो. त्यातली जाहीर किल्ली घरच्या संगणकावर ठेवायची आणि खाजगी किल्ली आपल्याबरोबरच्या संगणकात, तीही एका परवलीच्या वाक्याने बंद करून. खाजगी किल्ली वाटेवर कधीच जात नाही. ती आपल्याजवळ आहे, एवढे सिद्ध करणारी सही तेवढी जाते. हे जमले, की घरच्या संगणकाला पासवर्ड स्वीकारायचे बंद करायला सांगावे.

मात्र क्रम चुकवू नये. एकदा आम्ही परगावाहूनच हा बदल केला, नवी किल्ली तपासण्याआधी पासवर्ड बंद केला आणि जोडणी तोडली. किल्लीची फाइल चुकीच्या जागी ठेवली गेली होती. आठवडाभर घरचा संगणक चालू होता, गणितही चालू होते, आणि आम्ही मात्र दाराबाहेर. तेव्हापासून आम्ही जुनी जोडणी चालू ठेवतो, दुसऱ्या खिडकीतून नव्या किल्लीने आत जाऊन पाहतो आणि मगच पहिली बंद करतो.

शाळेच्या संगणकात मुलांचे गुण, पत्ते, पालकांचे क्रमांक असतात. तो घरून वापरता यावा असे वाटणे साहजिक आहे. पण दार उघडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. वाटेत कोणी ऐकते आहे का, समोर आपलाच संगणक आहे का, आणि तो फक्त आपल्यालाच ओळखतो का? तिन्हींचे उत्तर हाती आल्याशिवाय दार बंदच ठेवलेले बरे.