कोयता

कुरुंदवाडच्या मळीच्या रानात पहाटे चारला बॅटऱ्यांचे उजेड हलायला लागले, की समजायचं ऊसतोडीची टोळी फडात उतरली. नवरा बुडख्याशी वाकून कोयता घालतो, शेंडा उडवतो, वाढे बाजूला टाकतो. बायको मागोमाग मोळ्या बांधते. ट्रॉली आली, की तीच मोळी डोक्यावर घेऊन ती उभ्या फळीवरून वर चढते. फळीवर दव असतं. पोटुशी बाईसुद्धा चढताना मी पाहिली आहे.

पातं दगडावर घासून झिजलेलं, मूठ घामानं काळी. पण टोळी पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे हे अवजार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा. यंदा किती कोयते, असंच विचारतात.

या कोयत्याला बांधते ती उचल. दिवाळीआधी बीडकडच्या गावांत मुकादम जोडीला रोख देतो, कित्येकदा लाखाच्या घरात. ती टनावारी फेडायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला; जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. एक दिवस आजारी पडलं तर खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर 500-1000 रुपये दंड चढतो. खाडा नको म्हणून पाळीचा त्रास अंगावर काढणाऱ्या बाया शेवटी पिशवीच काढून टाकतात. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

खाडा नवा नाही. गुलामी कायद्यानं बंद होत असताना 1834 पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारानं बांधलेले गिरमिटिये नेले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. तिथं एक दिवस गैरहजर राहिलं, की दोन दिवसांची मजुरी कापत. इकडे 1859 च्या कायद्यानं तर उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी ठेवली होती. पैसे दिवाणी आणि शिक्षा फौजदारी! कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, बीड निजामाचं. हा कायदा मात्र इंग्रजी मुलखातला. 1926 मध्ये तो गेला. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीही मोडीत काढली. तरी कर्जानं माणूस बांधून ठेवायची ती रीत आमच्या फडात आजही चालते, आणि आता हाकेच्या अंतरावर कारखान्याचा संगणकीकृत वजनकाटा आहे.

मला सगळ्यात जास्त हे खुपतं: उसाच्या दरासाठी शेजारच्या जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते, आम्ही शिरोळ तालुक्यातले शेतकरी रस्ते अडवतो, आणि ते रास्तच आहे. पण आमच्याच बांधावर पाचटाच्या खोपीत राहणाऱ्यांचा दर किती, हे आमच्यातल्या बहुतेकांना सांगता येणार नाही. कारखाना म्हणतो, तोडणीवाले मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा.

हंगाम संपून पट्टा पडतो तेव्हा हिशेब होतो. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. वहीत नाव नवऱ्याचं असतं. बायको तेव्हा खोपीचं पाचट सोडवून भांडी पोत्यात भरत असते.