ऐतिहासिक बालकथा आणि शिलालेखाचा पुरावा

अशोकाच्या तेराव्या शिलालेखानुसार कलिंगयुद्धात १ लाख माणसे मारली गेली व दीड लाख देशोधडीला लागली. विद्यार्थी हे आकडे पाठ करतो. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव लेखात नाही. ही उणीव ऐतिहासिक बालकथा भरून काढते. कलिंगातून नेलेल्या एखाद्या कल्पित मुलीच्या दृष्टीने युद्ध पाहिले, म्हणजे राजाच्या पश्चात्तापाचा अर्थ बालकास उमगतो.

मात्र कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून शिक्षकाने कथेसोबत लेखाचा अनुवादही वाचावा व त्यात कोरलेले काय आणि रचलेले काय, हे मुलांकडूनच निवडून घ्यावे. कलिंगातील धौली व जौगड येथे हा तेरावा लेख नाही. तो का नसावा, हेही विचारावे. करुणा व चिकित्सा यांचे शिक्षण असे एकत्र घडते.