सव्वा किलोमीटर खालचे खारे पाणी

भूगर्भातली उष्णता म्हटली की आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आठवतात. डेन्मार्कमध्ये अशी कुंडे नाहीत आणि ज्वालामुखीही नाहीत. तरीही देशाच्या वायव्येकडच्या थिस्टेड या छोट्या शहरात १९८४पासून घरे गरम ठेवायला जमिनीच्या पोटातली उष्णता वापरली जाते. ती देतो सव्वा किलोमीटर खोलीवरचा वालुकाश्म आणि त्यात साठलेले खारे पाणी.

भूवैज्ञानिक या थराला 'गासुम' म्हणतात. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणि उथळ समुद्राने आणून टाकलेली ही वाळू. वर गाळाचे थर चढत गेले, वाळू दबून तिचा दगड झाला, पण कणांमधल्या फटी पुरत्या बुजल्या नाहीत. त्या फटींतल्या पाण्यात सुमारे १५ टक्के मीठ आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के असते. थरातले हे पाणी ना प्यायच्या कामाचे, ना शेतीच्या. मात्र खोलीच्या दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी चढते. त्यामुळे थिस्टेडला वर येणारे पाणी सुमारे ४४ अंश सेल्सिअस असते.

१९७३च्या तेलसंकटाने डेन्मार्कला जबर तडाखा दिला होता. देशाची जवळपास ९० टक्के ऊर्जा तेलावर चालत होती आणि ते तेल परदेशातून येत होते. पर्याय शोधताना जुन्या तेलविहिरींच्या नोंदी कामी आल्या. तेलासाठी खणलेल्या अनेक विहिरींत तेल लागले नव्हते, पण कुठल्या खोलीवर कोणता खडक आणि पाणी किती गरम, हे त्यांनी सांगून ठेवले होते.

थिस्टेडची व्यवस्था दोन विहिरींची. एकीतून पाणी उपसायचे, त्याची उष्णता काढून घ्यायची आणि थंड झालेले पाणी दुसरीतून त्याच थरात परत सोडायचे. ४४ अंश घरांसाठी कमी पडतात, म्हणून उष्णता-पंपाने तापमान वाढवले जाते. त्या पंपाला लागणारी ऊर्जा शहराचा कचरा आणि शेतातला पेंढा जाळून मिळते. खारे पाणी घरांच्या नळांत कधीच जात नाही. त्याला हवेचा स्पर्शही होऊ दिला जात नाही, कारण प्राणवायू मिसळला की नळ गंजतात आणि गंजाचे कण खडकाच्या फटी बुजवतात.

थिस्टेडपासून दूर, झीलंड बेटावर स्टेनलिले येथे हाच थर वेगळेच काम करतो. तिथे तो सुमारे दीड किलोमीटर खोल असून घुमटासारखा फुगला आहे आणि त्यावर चिकणमातीच्या खडकाचे जाड झाकण आहे. १९८९पासून या घुमटात नैसर्गिक वायू भरला जातो. हलका वायू माथ्याशी जमतो आणि खारे पाणी उतारांकडे सरकते. वायू उन्हाळ्यात भरायचा, हिवाळ्यात काढायचा. दाब टिकावा म्हणून बराच वायू मात्र कायम खालीच ठेवावा लागतो. १९९५मध्ये इथे थोडा वायू निसटला. दोष एका विहिरीत होता. खडकाचे झाकण शाबूत होते. म्हणूनच आसपासच्या विहिरींतल्या पाण्याची आणि दाबाची तपासणी सतत चालू ठेवणे अटळ आहे.

उष्णतेचेही सगळे प्रयोग फळले नाहीत. कोपनहेगनच्या मार्ग्रेथेहोल्म प्रकल्पात २००५पासून अडीच किलोमीटरहून खोल थरातले ७० अंशांपुढचे पाणी वापरात आले. पण पाणी परत खाली सोडण्यातल्या अडचणी वाढत गेल्या आणि तो बंद पडला. पाणी वर काढण्यापेक्षा ते खडकाच्या गळी उतरवणे अवघड ठरते.

आता याच प्रकारच्या थरांकडे तिसरे गिऱ्हाईक वळले आहे. कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा पुरण्याच्या दृष्टीने डेन्मार्कने २०२४मध्ये जमिनीवरच्या तीन ठिकाणी शोधाचे परवाने दिले. दुसरीकडे ऑर्हुस शहराने आपल्या उष्णतेचा सुमारे २० टक्के वाटा भूगर्भातून घेण्याचे ठरवले आहे. एका ठिकाणी वाढवलेला दाब खाऱ्या पाण्यातून कित्येक किलोमीटर दूर पोहोचतो. त्यामुळे उष्णतेच्या विहिरी कुठे, वायूचा घुमट कुठे आणि कार्बन कुठे, याची आखणी गावांच्या हद्दी बाजूला ठेवून अख्ख्या थराचा नकाशा समोर घेऊनच करावी लागेल, आणि तीही पुढचे परवाने वाटण्याआधी.